काखेतलं स्टेअरिंग

कारभारी नाना लग्नाला आले की त्यांच्या काखेत मोटारीचं स्टेअरिंग असायचं. नुसतं स्टेअरिंग. मोटार बाहेर कुठंतरी लिंबाखाली उभी आणि तिचं गोल चाक नानांच्या काखेत. अक्षता टाकायच्या वेळी ते उजव्या काखेतून डाव्या काखेत जायचं. पंगतीत ते मांडीवर यायचं आणि वाढपी रश्श्याची बादली घेऊन वाकला की नाना सांगायचे, "शिस्तीत वाढ रे बाबा, स्टेअरिंगवर सांडंल."

बँकेतही तेच, ग्रामपंचायतीतही तेच. एकदा प्रवरेच्या काठी कुणाच्या तरी दहाव्याला सगळी माणसं हात जोडून उभी होती. नानांना हात जोडता येईनात, कारण मध्ये स्टेअरिंग. मग त्यांनी ते सरळ डोक्याएवढं वर धरलं आणि त्याच्यामागून नमस्कार केला. कीर्तनकार महाराज बोलता बोलता थांबले म्हणतात. मी तिथं नव्हतो, पण मला हे इतक्या जणांनी सांगितलं आहे की आता मला ते स्वतः पाहिल्यासारखंच वाटतं.

मी मूळचा गडचिरोलीकडचा. सातवीत शाळा सुटली, ती सुटलीच. पुढं हाताला जिकडं काम मिळालं तिकडं मी गेलो, आणि फिरत फिरत नेवासा फाट्यावर जालिंदरभाऊंच्या गॅरेजात फिटर म्हणून लागलो. स्वभावानं मी भित्रा. बोल्ट आवळला की पुन्हा बघतो, घरी जाऊन जेवायला बसलो की वाटतं, आवळला होता ना? जालिंदरभाऊ म्हणतात, "दिवाकर, तुझ्या हातचं काम पक्कं, पर तुझा जीव लई ढिल्ला."

नाना पहिल्यांदा गॅरेजात आले तेव्हा मी नवा होतो. पांढरा सदरा, टोपी, काखेत स्टेअरिंग. मला वाटलं दुरुस्तीला आणलं आहे. मी पुढं होऊन ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"याला काय झालं जी?" मी विचारलं.

"त्याला काय झालंय? त्याला काय बी न्हाई झालं," नाना म्हणाले. "च्या सांग."

जालिंदरभाऊंनी ओळख करून दिली, "हे कारभारी नाना." मी घाबरत विचारलं, "कोणाचे कारभारी?" कारभारी हे नाव असतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं कारभारी म्हणजे कोणाचा तरी कारभार बघणारा. नाना त्यावर चहा सांडेपर्यंत हसले आणि मग विचारलं, "जेवला का?" त्या फाट्यावर मला तोपर्यंत हे कोणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या घरामागची खोली मला मिळाली. ती आजही माझ्याकडं आहे. नानांना सगळं जग शिस्तीत लागतं. खोलीची किल्ली देतानाही ते म्हणाले, "राह्य शिस्तीत."

आता त्या गाडीचं सांगतो. विलायती बनावटीची, दोनच सीटची, वर छत नाही. लाल, पण उन्हानं तिचा रंग वाळत घातलेल्या मिरचीसारखा झालेला. इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं बसायचं आणि पाय पुढं लांब सोडायचे. रस्त्यानं म्हशी चालल्या असल्या तर त्या वरून आत बघायच्या. उसाच्या ट्रॉलीशेजारून जाताना ट्रॉलीचं चाक नानांच्या कानाशी गरगरत असायचं आणि नाना त्या चाकाकडं मान वर करून बघत म्हणायचे, "तू तुझं बघ."

नाना साखर कारखान्यात जीपवर ड्रायव्हर होते. ही गाडी तिथल्या एका जुन्या साहेबांची. साहेब मुंबईला गेले, गाडी कारखान्याच्या शेडात राहिली, तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. नाना रोज येता-जाता तिच्यावरचा धुरळा पुसायचे. निवृत्त झाले तेव्हा साहेबांच्या मुलानं कळवलं, तुम्हीच पुसता ना, मग तुम्हीच न्या. नानांनी कोंबड्या शिस्तीत उठवल्या आणि गाडी घरी आणली. मग ती घेऊन ते मंडळींबरोबर गावोगाव फिरले. मंडळी म्हणजे काकू. काकू मी पाहिल्या नाहीत, मी यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. पण लोक सांगतात, काकू गाडीत बसल्या की पदर तोंडात धरायच्या, लाजून नव्हे, धूळ जाऊ नये म्हणून.

स्टेअरिंग काढून का नेता, असं नानांना विचारलं की उत्तर तयार असायचं. "चोरी."

जालिंदरभाऊ म्हणायचे, "नाना, तुमची गाडी तुमच्याशिवाय अख्ख्या तालुक्यात कोनाला चालू व्हत न्हाई. चोराला ती ढकलत न्यावी लागंल. चार मानसं लागतील."

"आन चौघं आले तर?"

जालिंदरभाऊ पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरायचे.

त्या गाडीचं स्टेअरिंग मधोमध एकाच चाकीवर, म्हणजे नटावर, बसतं. दरवेळी पाना लावून चाकी काढायची नानांना कंटाळा येऊ लागला, म्हणून त्यांनी मूळची चाकी काढून टाकली आणि तिथं दोन कान असलेली, हातानं फिरवायची चाकी लावली. आता गाडी थांबली की नाना कान धरून चाकी फिरवायचे आणि स्टेअरिंग काढून चालू लागायचे. तोंडातली सुपारी फोडायला वेळ लागेल, पण हे काम लगेच. गाडीतून उतरताना लोक दार लावतात तसं.

पण लोखंडालाही सोसायचं किती? स्टेअरिंगच्या पोटात बारीक दाते असतात, तसेच दाते खालच्या दांड्याच्या टोकावर असतात, आणि ते एकमेकांत घट्ट धरून बसतात. रोज काढून, रोज घालून ते झिजले. आधी स्टेअरिंग नुसतं खुळखुळायचं. मग असं व्हायला लागलं, की नाना स्टेअरिंग फिरवायचे आणि गाडी जरा विचार करून मग वळायची.

आणि एका रविवारी नानांची मुलगी पुण्याहून आली होती, तेव्हा गाडीनं विचार करणंच सोडलं.

ताई म्हणजे नानांची एकुलती एक. पुण्यात शाळेत शिकवते. आवाज असा, की ती रस्त्यावर बोलली तर आतल्या गल्लीतलं पोर वही काढून बसेल. त्या रविवारी ती वडलांशेजारी बसून मळ्याकडं निघाली होती. पाण्याच्या पाटाच्या वळणावर नानांनी स्टेअरिंग वळवलं आणि ते वळणाबरोबर हातात आलं. नानांनी ते शांतपणे लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"ताई, जरा धर," म्हणाले आणि ब्रेकवर उभे राहिले.

गाडी सरळ शेतात शिरली आणि कांद्याच्या आरणीला, म्हणजे झाकून ठेवलेल्या कांद्याच्या लांबट ढिगाला, जाऊन टेकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कांदे तेवढे दोघांच्या अंगावर आले. शेतमालक धावत आला तेव्हा ताई स्टेअरिंग कवटाळून बसली होती आणि नाना तिच्या केसांतली कांद्याची सालपटं काढत म्हणत होते, "बघ, कशी शिस्तीत थांबली."

घरी आल्यावर ताईनं निकाल दिला. मी ओट्याच्या कोपऱ्यात उभा होतो, जाताही येईना आणि थांबताही येईना.

"नाना, गाडी विकायची."

"कोन घेतंय?"

"पुण्यातला एक हॉटेलवाला मागतोय. हॉटेलच्या दारात ठेवणार आहे, शोभेला. बॉनेटवर कुंड्या ठेवणार."

नानांनी टोपीवरचं कांद्याचं सालपट झटकलं. मग म्हणाले, "कशाच्या कुंड्या?"

"नाना."

"न्हाई, इचारतो आपलं. गुलाब असतील तर काटे ऱ्हातील सीटवर."

शेवटी ताईच नरमली. तिची अट मात्र साधी आणि पक्की होती. स्टेअरिंग नवं, त्याच्याखालचा दांडा नवा आणि दांडा धरणारी नळी, म्हणजे कॉलम, तोही नवा. पुढच्या रविवारी ती स्वतः येणार आणि दोन्ही हातांनी ओढून बघणार. "निघालं, तर सोडाच," ती म्हणाली, "नुसतं हललं तरी गाडी हॉटेलात."

"आन न्हाई हललं तर?"

"तर ठेवा. आणि ते काखेत घेऊन हिंडणंही बंद. लोक मला फोन करून सांगतात, नाना."

जालिंदरभाऊंनी हे काम माझ्याकडं दिलं. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. इंजिन बंद पडलं तर माणूस उतरून चालत घरी जातो. स्टेअरिंगचं तसं नाही. त्यातून माणूस नाना, ज्यांच्या खोलीत मी झोपतो. काम चुकलं तर गाडी जाणार कुंड्यांखाली, किंवा नाना जाणार पाटात. दोन्हीकडं माझाच पाना.

जुना कॉलम मी काढला तेव्हा जालिंदरभाऊ म्हणाले, "हे बघ." त्याच्यातला दांडा एकसंध होता, पुढच्या चाकांपासून थेट ड्रायव्हरच्या छातीपर्यंत, भाल्यासारखा रोखलेला. समोरून धडक बसली असती तर आरपार. नाना इतकी वर्षं त्या भाल्यासमोर बसून सुपारी चघळत होते. जालिंदरभाऊंच्या पुण्यातल्या ओळखीतून त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीचा कॉलम मिळाला, तो मध्ये जोड असलेला, धडक बसली तर दुमडणारा. मापाला बरोबर. त्याच्यासोबत किल्लीचं कुलूपही होतं, म्हणजे किल्ली काढली की स्टेअरिंग जागच्या जागी अडकून बसणार.

"म्हंजे काढायची गरजच न्हाई, नाना," जालिंदरभाऊ म्हणाले. "चोराचा इषय मिटला."

नाना "व्हय" म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

मग स्टेअरिंग निवडायचं होतं. जालिंदरभाऊंनी बसतील अशी तीन-चार मागवून घेतली आणि बाकावर मांडली. माणूस स्टेअरिंग निवडताना काय करेल? दोन्ही हातांनी धरेल, डावीउजवीकडं फिरवल्यासारखं करेल. नानांनी पहिलं उचललं आणि काखेत घातलं. गॅरेजाच्या दारापर्यंत चालत गेले, परत आले. "टोचतंय," म्हणाले. दुसरं काखेत घातलं. "ह्ये लई लहान. परात म्हनावी तर परात न्हाई, ताटली म्हनावी तर ताटली न्हाई." तिसरं लाकडी कडेचं, तीन दांड्यांचं. ते घालून नाना चांगले हायवेच्या कडेपर्यंत जाऊन आले. "ह्ये बसतंय शिस्तीत."

"नाना, गाडीत बसून बघा की," मी म्हणालो.

"गाडीत बसंलच की ते. गाडीत काय न बसायला झालं?"

जालिंदरभाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मी जालिंदरभाऊंकडं पाहिलं. म्हाताऱ्या माणसाची खोड, म्हणून सोडून दिलं.

काम शनिवारी सकाळी उरकलं. कॉलम आत गेला, खालचा जोड बसला, क्लॅम्प आवळले. पुढची दोन्ही चाकं मी दोरी लावून सरळ केली. तीनदा बघितलं. आता फक्त स्टेअरिंग सरळ धरून दांड्यावर घालायचं आणि मधली चाकी आवळायची. पण जालिंदरभाऊंच्या गॅरेजात एक रीत आहे. मोठं काम झालं की शेवटची चाकी आवळायच्या आधी गाडी लिंबावरून गेली पाहिजे. आधी देवाचा हात, मग माणसाचा. त्यांनी चारी टायरांपुढं लिंबं ठेवली, आम्ही गाडी मागून ढकलली, लिंबं चिरडली, नारळ फुटला, खोबरं वाटलं. नानांनी खोबरं खात गाडीभोवती एक फेरी मारली. मग मी स्टेअरिंग घेतलं, अगदी सरळ धरून घातलं, चाकी आवळली, आणि नाना म्हणाले, "चल, बस."

आम्ही हायवेला लागलो. मी डाव्या सीटवर, दोन्ही हातांनी दार धरून. थोडं पुढं गेल्यावर नाना म्हणाले, "दिवाकर."

"जी."

"गाडी नगरला चालली."

"हो जी."

"आन स्टेअरिंग शेवगावला बघतंय."

मी पाहिलं. गाडी सरळ जात होती आणि ती सरळ जावी म्हणून नानांनी स्टेअरिंग चांगलं वाकडं धरलं होतं. मग उमगलं. ढकलताना पुढचं एक टायर लिंबावरून घसरलं होतं आणि चाकं थोडी वळली होती. वर स्टेअरिंग नव्हतंच, त्यामुळं कुणाला दिसलं नाही. आम्ही सगळे नारळाकडं बघत होतो. मी तीनदा बघितलं होतं खरं, पण लिंबाच्या आधी.

"चुकलं जी," मी म्हणालो. "काढून पुन्हा बसवावं लागंल."

नाना रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे निघतंय?"

"पाना लावला तर निघंल ना जी."

"निघतंय म्हंजे," नाना स्वतःशीच म्हणाले आणि तिथंच गाडी वळवली.

गॅरेजात जालिंदरभाऊ जेवायला गेले होते. मी चाकी सोडून स्टेअरिंग काढलं आणि बाजूला ठेवायला वळलो, तर नानांनी ते माझ्या हातातून घेतलं, काखेत घातलं आणि चालत रस्त्यापर्यंत गेले. समोरून मोटारसायकलवर एक जण चालला होता, तो थांबला. "काय नाना, गाडी कुठं ठिवली?" नाना दोन मिनिटं त्याच्याशी काहीतरी बोलले, हसले. मग परत आले आणि स्टेअरिंग मला देऊन सीटवर बसले.

मी पुन्हा दोरी लावली. चाकं सरळ केली, स्टेअरिंग सरळ घातलं, चाकी हातानं फिरवून बसवली आणि तिच्याखालचं कुलपी वॉशर सारखं केलं. या वॉशरचा कान एकदा वाकवला की चाकी पान्याशिवाय सुटत नाही. मी पाना लावला.

"थोडी सैल ठेव," नाना म्हणाले.

मला वाटलं ते थट्टा करत आहेत. "काहून जी?"

"ठेव की. हातानं सुटंल इतकी. ताई ओढंल तवा मी आत बसून दाबून धरीन."

"नाना, चोरासाठी आता कुलूप आहे ना जी."

"चोर," नाना म्हणाले आणि हसले. "आरं, ह्या गाडीला कोन चोर येतोय?"

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं समोरची काच पुसली. मग बोलायला लागले, ते माझ्याशी का काचेशी, कळत नव्हतं.

"मंडळी गेली, त्या सालीच चुलतभावाच्या पोरीचं लगीन हुतं. गेलो. मांडवात पाय ठेवला, तर दारातला म्हनला, 'नाना, एकलेच?' पुढं व्याही भेटला, 'नाना, एकलेच?' आचारी, वाजंत्रीवाला सुदीक. वाईट मनानं न्हाई इचारत कोनी. आमी कायम जोडीनं जायचो, सवय लोकायला. पर किती जनायला सांगायचं? आन सांगितलं की त्यांचं त्वांड उतरतं, मग आपनच त्यायला म्हनायचं, असू द्या, असू द्या. लगीन त्यांचं आन सांत्वन मी करायचं."

मी पाना धरून तसाच उभा होतो.

"मंग एका लग्नात पोरं गाडीत चढून खेळाया लागली, म्हनून स्टेअरिंग काढून आत घेऊन गेल्तो. सहज. तर एकानं न्हाई इचारलं बघ. एकानं बी. जो तो म्हनं, नाना, ह्ये काय? नाना, गाडी कुठाय? नाना, लगनात कुनाला पळवायचा इचार हाय का? हसलेच समदे. मी बी हसलो. मंग म्हनलं, ह्ये बरंय."

सुचत नाही तेव्हा मी कामाचं बोलतो. "नाना, सैल ठेवली तर उद्या ताई गाडी नेते जी. आणि ताईनं नाही नेली, तर गाडी तुम्हाला नेते."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. "शिस्तीत?"

"शिस्तीत."

"आवळ मग," नाना म्हणाले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी चाकी आवळली. वॉशरचा कान छिन्नीनं वाकवला आणि दोनदा बघितला.

दुसऱ्या दिवशी ताई आली. पर्स ओट्यावर ठेवली, ओढणी कमरेला खोचली, एक पाय गाडीच्या आत रोवला आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. गाडी तेवढी स्प्रिंगवर डोलली. तिनं पुन्हा ओढलं. मग नानांना बाजूला करून माझ्याकडं बघितलं, "तुम्ही बसवलंत?" मी "हो जी" म्हणालो. ती म्हणाली, "चांगलं बसवलंय." एवढंच. पण शाळा सुटल्यापासून मला कुठल्या बाईंनी शाबासकी दिली नव्हती, त्यामुळं ते मला अजून आठवतं.

"गाडी राहू द्या," ती नानांना म्हणाली. "पण कबूल केलंय तुम्ही."

"केलंय की," नाना म्हणाले.

त्या आठवड्यात वाकडी गावाला एका लग्नाला जायचं होतं. मी खोलीच्या दारात बसून दाढी करत होतो. नाना पांढरा सदरा घालून बाहेर आले, गाडीपर्यंत गेले, परत घरात गेले. बाहेर आले तेव्हा हातात छत्री होती. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. छत्री काखेत घालून दोन पावलं चालले, मान हलवली, परत आत. मग पाण्याची बाटली आली, ती परत गेली. मग पितळी डबा.

जुनं स्टेअरिंग मी पुसून ओट्याखाली ठेवलं होतं. मला राहवलं नाही. "नाना, हे न्या ना जी."

त्यांनी ते हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. मग खाली ठेवलं. "न्हाई. गाडीला स्टेअरिंग असताना हातात दुसरं घेऊन गेलो, तर त्ये खोटं झालं. त्यात शिस्त न्हाई." जरा थांबून म्हणाले, "त्वांड धू आन सदरा घाल."

"मला आमंत्रण नाही ना जी."

"मला हाय. सहकुटुंब म्हनून दिलंय. वाचून दाखवू का?"

वाकडीच्या मांडवाच्या दारातच एक जाडजूड पाहुणे उभे होते. त्यांनी नानांचे दोन्ही मोकळे हात बघितले, मग नानांच्या मागं बघितलं, आणि मला दिसलं की 'एकलेच?' त्यांच्या तोंडाशी आलं आहे. तेवढ्यात मी त्यांच्या नजरेला पडलो.

"नाना, हे पावनं कोन?" ते म्हणाले.

"ह्यो दिवाकर. गडचिरोलीचा."

"गडचिरोली? म्हंजे पार तिकडं? जंगलात?"

"जंगलात," नाना म्हणाले, "वाघ हाय तिकडं. ह्यानं बघितलाय." मी वाघ बघितलेला नाही, पण मी मान हलवली. पुढं व्याही भेटले, त्यांनाही वाघाचं सांगितलं. एका म्हाताऱ्या बाईंनी मला जवळ बसवून घेतलं, आई आहे का, बहिणी किती, घरी कधी जातोस, सगळं विचारलं. इतकं माझ्या घराविषयी मी कित्येक दिवसांत कोणाशी बोललो नव्हतो. नाना शेजारी उभे राहून माझ्या वतीनं उत्तरं देत होते, त्यातली निम्मी चुकीची. माझ्या दोन बहिणींच्या त्यांनी तीन केल्या. मी दुरुस्त केलं नाही.

पंगत बसली. पत्रावळ्या मांडत एक जण घाईघाईनं आमच्यासमोर आला. नानांच्या एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूची जागा रिकामी होती.

"इथं किती हो?" त्यानं विचारलं.

नाना सरकून बसले, माझ्या बाजूला. "दोन," म्हणाले. "आमी दोघं हाये."